कळतं, पण वळत का नाही?

(बुलढाणा इथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचं संपादित रूप)



या सत्राचा विषय 'सामाजिक मनोवृत्ती : घटक आणि कार्ये' असा ठेवलाय. ऐकूनच झोप यावी असा. एम.एस.डब्ल्यू.ला असताना हा प्रश्न आम्हाला दहा मार्कांना असायचा. मी तो पाठ केला, पेपरात लिहिला आणि विसरून गेले. नंतर गावात काम करताना एका प्रसंगाने मला ती वही पुन्हा उघडायला लावली. तो प्रसंग आधी सांगते, कारण त्यात चूक माझीच आहे.

घाटावरच्या एका गावात आमचे चार बचत गट होते. संक्रांतीच्या आधीच्या बैठकीत मी विषय काढला की यंदाच्या हळदीकुंकवाला विधवा बायांनाही बोलवायचं आणि सगळ्यांनी सगळ्यांना कुंकू लावायचं. चर्चा झाली. सगळ्यांनी हात वर केले. मी रजिस्टरमध्ये 'ठराव सर्वानुमते मंजूर' असं लिहिलं, सह्या-अंगठे घेतले आणि खुशीत परत आले.

कार्यक्रमाच्या दिवशी गटातल्या पाच विधवा बाया आल्या, पण दाराजवळ भिंतीला टेकून बसल्या. त्यांना तिथे कुणी बसवलं नव्हतं, त्या आपसूकच बसल्या. ताट फिरत फिरत त्यांच्याजवळ आलं, तशी ताट घेतलेली बाई 'पाणी पिऊन येतो' म्हणून उठली आणि ताट माझ्या हातात दिलं. मी तिघींना कुंकू लावलं. चौथी म्हातारी होती. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी तिला सोडून पाचवीकडे गेले. 'तिला वाईट वाटेल' असं मी मनाला सांगितलं. परत येताना एस.टी.त लक्षात आलं, तिला वाईट वाटेल की नाही हे मी तिला विचारलंच नव्हतं. थांबला होता तो माझा हात.

मग बैठकीत वर झालेले हात खोटे होते का? आणि माझी पदवी, माझी भाषणं, ती खोटी होती का? मला तसं वाटत नाही. पुस्तकातलं मनोवृत्तीचं प्रकरण इथे खरंच उपयोगी पडतं.

मनोवृत्तीचे तीन घटक

एखाद्या माणसाबद्दल, गटाबद्दल किंवा गोष्टीबद्दल आपल्या मनाचा जो कल बऱ्यापैकी कायमचा झालेला असतो, त्याला मनोवृत्ती म्हणतात. क्रमिक पुस्तकात 'अभिवृत्ती' असा शब्द आहे. मनोवृत्ती घेऊन कुणी जन्माला येत नाही. ती घरात, शेजारात, लग्नाच्या मांडवात शिकली जाते. तिचे तीन घटक सांगतात.

पहिला घटक विचारांचा, म्हणजे आपण काय मानतो. 'तिचा पायगुण वाईट', 'विधवेने शुभकार्यात पुढे येऊ नये' हे झालं मानणं. दुसरा घटक भावनेचा. एक बाई मला म्हणाली होती, "ताई, तुमी सांगता ते समदं पटते. पण लग्नाले निघतानी ती समोर आली का छातीत धस्स होते." ते धस्स होणं म्हणजे हा दुसरा घटक. आणि तिसरा घटक कृतीकडे झुकण्याचा. वाट बदलावी, ताट दुसऱ्याच्या हातात द्यावं, दाराजवळ बसावं, अशी शरीराची तयारीच झालेली असते.

हे तीन घटक एकाच चालीने चालत नाहीत. आपली पथनाट्यं, पोस्टर, भाषणं बहुतेक करून पहिल्या घटकाशी बोलतात. तो बदललाही असेल. म्हणून बैठकीत हात वर झाले. पण छातीतलं धस्स तसंच राहिलं, आणि ताट हातात आल्यावर हाताने जुन्या सवयीचं ऐकलं.

बोलणं आणि वागणं यांतलं अंतर मोजायचा एक जुना प्रयत्न प्रसिद्ध आहे. रिचर्ड लापिएर नावाचा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ १९३० नंतर एका चिनी जोडप्याला बरोबर घेऊन अमेरिकाभर फिरला. त्या काळी तिथे चिनी लोकांबद्दल फार वाईट समज होते. ते २५१ हॉटेलं-खाणावळींत गेले आणि फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर त्याने त्याच मालकांना पत्रं लिहून विचारलं, चिनी माणसांना तुम्ही जागा द्याल का? उत्तरं आली त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी 'नाही' लिहिलं. १९३४ साली त्याने हे प्रसिद्ध केलं. तिथे बोलणं वाईट होतं आणि वागणं बरं. आपल्याकडे पुष्कळदा उलटं असतं. पण धडा एकच, की विचारल्यावर मिळालेलं उत्तर म्हणजे वागण्याची हमी नव्हे.

याचा दाखला आपल्या जिल्ह्यातच आहे. सिंदखेडराजा हे जिजाऊंचं माहेर. दर १२ जानेवारीला तिथे केवढी गर्दी लोटते, आपण सगळ्या जाणतो. 'जिजाऊंच्या जिल्ह्यातली मी' असं आपण अभिमानाने म्हणतो. आणि याच जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ९०८ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८५५ झाल्या. त्या वर्षी राज्याचा आकडा ८९४ होता. गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा १९८८ चा, देशाचा १९९४ चा. कायदा होता आणि 'मुलगी वाचवा' हे भिंतीभिंतीवर लिहिलेलंही होतं. तरी मुली कमी होत गेल्या. म्हणजे लोकांना माहिती नव्हती असं म्हणून आपल्याला सुटता येत नाही.

मनोवृत्ती कोणतं काम करते?

चुकीची आहे हे कळूनही मनोवृत्ती टिकते कशी? डॅनियल कॅट्झ या मानसशास्त्रज्ञाने १९६० साली एक साधी गोष्ट मांडली. मनोवृत्ती टिकते, कारण ती माणसाच्या काही कामाला येते. अशी चार कामं त्याने सांगितली. आणि महत्त्वाचं म्हणजे, वरून एकच दिसणारी मनोवृत्ती चार माणसांसाठी चार वेगळी कामं करत असू शकते. ते काम ओळखल्याशिवाय ती बदलायला जाऊ नये.

त्या गावात एका तरुण शेतकऱ्याने आत्महत्या केली होती. विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ साली केंद्र सरकारने पॅकेज जाहीर केलं, त्यांत बुलढाणा होता. अशा घरांत आपल्यापैकी पुष्कळ जणी गेल्या आहेत. त्याच्या बायकोबद्दल गावात एकच वाक्य होतं, 'हिचा पायगुणच तसा'. ते म्हणणारी चार माणसं मी सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

पहिला तिचा दीर. तो म्हणायचा, ती अपशकुनी, तिने माहेरी जावं. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, १९५६ पासून, मृत्युपत्र नसेल तर नवऱ्याच्या वाट्याच्या मालमत्तेत विधवेचा, मुलांचा आणि सासूचा हक्क सारखा आहे. ती माहेरी गेली तर वारसनोंदीला तलाठ्याकडे कोण जाणार? सात-बारावर तिचं नाव कोण लावणार? इथे मनोवृत्तीचं काम फायद्याचं आहे. याच्यासमोर अंधश्रद्धेवर पथनाट्य करून काय होणार? पायगुणावर त्याचा फारसा विश्वास नसेलही. इथे फेरफार नोंदवून घेणं हेच प्रबोधन. तिचं नाव उताऱ्यावर लागलं आणि दोनच महिन्यांत दिराच्या तोंडचा पायगुण कमी झाला, हे मी पाहिलंय.

फायद्याचं काम त्या बाईच्या बाजूनेही असतं, हे विसरू नका. ती दाराजवळ बसते, कारण तसं बसलं की कुणी बोट दाखवत नाही, सासरी दोन घास सुखाने मिळतात. तिच्या दृष्टीने तो व्यवहार आहे. त्याला 'मानसिक गुलामगिरी' म्हणण्याआधी, ती पुढे येऊन बसली तर तिच्या पाठीशी उद्या कोण असेल, याचं उत्तर आपल्याकडे असायला हवं.

दुसरी तिची सासू. तिचा पायगुणावर खरोखर विश्वास होता, रडून रडून ती तेच सांगायची. मी एकदा तिच्यासमोर सगळी कारणं मांडली. नापिकी, सोयाबीनचा भाव, बँक, सावकार, लेकीच्या लग्नाचं कर्ज. कारणं सगळी खरी होती. ती उठून आत गेली आणि पुढचे कित्येक दिवस माझ्याशी बोलली नाही. मला फार उशिरा कळलं. सून कारण नसेल, तर लेक आठ दिवस जेवत नव्हता तेव्हा मी काय करत होते, हा प्रश्न त्या माउलीला स्वतःला विचारावा लागणार होता. लेकीच्या लग्नाला कर्ज काढ म्हणून आग्रह कुणी धरला, हाही. 'पायगुण' ही तिच्या मनाने तिच्याभोवती घातलेली भिंत होती. कॅट्झ याला अहंच्या संरक्षणाचं काम म्हणतो. अशा भिंतीवर माहितीचे दगड मारले तर माणूस आतून आणखी विटा रचतो. इथे दुःखाला जागा द्यावी लागते, दोष न देता ऐकावं लागतं. ज्यांचे मुलगे असेच गेले अशा आयांना एकत्र बसवलं, तेव्हा त्या सासूबाई पहिल्यांदा लेकाबद्दल बोलल्या. सुनेबद्दल त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. मला तेवढंही पुष्कळ वाटलं.

तिसरी, मी ताट न थांबवलेली ती म्हातारी. चाळीस वर्षं तिने कुंकू लावलं नव्हतं. पुढे मी तिला जाऊन विचारलं. ती म्हणाली, "मी मालकाचं नाव राखलं. एकटीनं पोरं वाढवले. कोनी एक शबुद बोललं नाई." कुंकू न लावणं ही तिच्या लेखी तिच्या आयुष्याची कमाई होती. आपल्याला प्यारी असलेली मूल्यं जगाला दाखवणं, आपण कोण आहोत ते सांगणं, हे मनोवृत्तीचं तिसरं काम. तिच्या कपाळावर जबरदस्तीने कुंकू टेकवलं असतं, तर मी तिच्या चाळीस वर्षांवर बोट फिरवलं असतं. पण तिला न विचारता पुढे गेले, तेही बरोबर नव्हतं.

इथे मूल्य तेच ठेवून त्याला दुसरी वाट दाखवता येते. मी तिला जिजाऊंची गोष्ट सांगितली. शहाजीराजे १६६४ च्या जानेवारीत गेले. त्यानंतर दहा वर्षं जिजाऊ विधवा होत्या. त्याच दहा वर्षांत शिवाजी महाराज आग्र्याला गेले, आणि मागे राज्याची काळजी वाहायला जिजाऊ होत्या. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला, आणि तो पाहून अकराच दिवसांनी पाचाडला त्या गेल्या. जिजाऊंना कुणी दाराजवळ बसवलं असतं का? म्हातारी बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "हे मले कोनी सांगतलंच नाई." पुढच्या वर्षी तिने कुंकू लावून घेतलं नाही, पण मधोमध बसली आणि स्वतःच्या हाताने सगळ्यांना तिळगूळ वाटला.

चौथ्या, शेजारच्या घरात नव्याने लग्न होऊन आलेली सून आणि गावातल्या शाळकरी मुली. त्याही 'पायगुण' म्हणत होत्या. त्यांना ना जमीन मिळवायची होती, ना दुःख झाकायचं होतं. एक धडधाकट माणूस अचानक का मेला, हे त्यांना कुठेतरी बसवायचं होतं, आणि घरात तयार मिळालेलं उत्तर तेवढं एकच होतं. जग समजून घ्यायला एक चौकट पुरवणं, हे मनोवृत्तीचं चौथं काम. इथे माहिती लागू पडते. मुलींनी स्वतःच गावातल्या गेल्या काही वर्षांतल्या तरुण मृत्यूंची कारणं वहीत लिहिली. सर्पदंश, मोटारसायकलचा अपघात, दारू, कर्ज, हृदयविकार. 'पायगुण' हा रकाना रिकामाच राहिला. आपली पोस्टर याच गटासाठी खरी उपयोगाची. आपण मात्र तीच दिरालाही दाखवतो आणि सासूलाही.

ताराबाईंनी काय केलं?

हे सगळं अमेरिकेतून आलेलं शास्त्र आहे असं कुणाला वाटत असेल, तर आपल्याच गावची आठवण करून देते. ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. त्यांचे वडील इथल्या सरकारी कचेरीत नोकरीला होते. १८८१ साली सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेला, लोकलाजेपायी आपलं नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी झाली. पण वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या वाईट चालीबद्दल लिहून आलं. त्यावर ताराबाईंनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. १८८२ साली पुण्याला ते छापलं गेलं.

हे पुस्तक पुन्हा वाचा. बायका चांगल्या आहेत हो, अशी विनवणी त्यात नाही. ताराबाई एकेक दुर्गुण घेतात आणि विचारतात, हा पुरुषांत नाही का? बायको मेली की तो दुसरी करतो, मग नवरा मेल्यावर बाईनेच काय पाप केलं? ही समजूत कुणाच्या सोयीची आहे, याकडे त्या सारखं बोट दाखवतात. म्हणजे मनोवृत्तीचं 'काम' त्यांनी उघडं केलं. माझ्या मते त्यामुळेच ते झोंबलं. बाजूने उभे राहिले ते जोतीराव फुले. मग पुस्तक जवळजवळ विसरलं गेलं, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापून समोर आणलं.

ठराव करून काय होतं?

४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं, सगळं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. तुमच्यापैकी काही जणींनी विचारलं होतं की माझा अनुभव असा असताना ठरावाला काही अर्थ आहे का.

आहे. आजवर प्रथा पाळली की शाबासकी आणि मोडली की टोमणे, असा हिशेब होता. ठरावाने तो हिशेब हलतो. ज्या भावजयीला बांगड्या फोडायच्याच नव्हत्या, तिला 'ग्रामपंचायतीने बंद केलंय' असं म्हणायला आधार मिळतो. शिवाय मनाचा एक गुण आहे. आपण एखादी गोष्ट स्वतःच्या इच्छेने केली की मन हळूहळू तिच्या बाजूने होतं. कृती आणि विचार यांचा मेळ नसेल तर माणसाला अस्वस्थ वाटतं आणि तो मेळ घालू पाहतो, असं लिऑन फेस्टिंगर याने १९५७ साली मांडलं. म्हणून कधी कधी कृती आधी आणि पटणं नंतर, असंही होतं. पण ठराव सासूच्या दुःखाला हात लावत नाही आणि म्हातारीच्या चाळीस वर्षांनाही. ते काम ग्रामसभेनंतर आपल्यालाच करायचं आहे. आणि मयताच्या घरी, त्या पहिल्या दोन तासांत, ठरावाची आठवण करून द्यायला गटातली कुणीतरी हजर असावी लागते. हे आधी ठरवून ठेवा. त्या वेळी सुचत नाही.

आपण स्वतः

तेव्हा यापुढे कार्यक्रम आखण्याआधी एकमेकींना हे प्रश्न विचारू या. ही समजूत धरून बसलेल्या माणसाला त्यातून काय मिळतंय? ती सोडली तर त्याला कशाला तोंड द्यावं लागेल? त्यात त्याचं कोणतं मूल्य गुंतलंय? की त्याला फक्त दुसरं उत्तर माहीत नाही? उत्तराप्रमाणे कधी तलाठी कार्यालय गाठावं लागेल, कधी नुसतं ऐकत बसावं लागेल, कधी गोष्ट सांगावी लागेल आणि कधी खडू-फळा घ्यावा लागेल.

आणि हेच प्रश्न स्वतःलाही. 'गावातल्या बाया मागासलेल्या आहेत' ही आपली मनोवृत्ती आपल्या कोणत्या कामाला येते? कार्यक्रम फसला की तो माझ्यामुळे फसला, हे मला बघावं लागत नाही. ते माझ्या मनाचं संरक्षण झालं. माझी आजी विधवा होती. लहानपणी मी तिला कधी कुणाच्या ओवाळणीत पुढे आलेलं पाहिलं नाही आणि मला त्यात काही चुकीचंही वाटलं नाही. त्या दिवशी माझा हात थांबला, तो कदाचित तिथूनच थांबत आला असेल.

आता गट करू. प्रत्येकीने स्वतःचा असा एक प्रसंग सांगायचा, जिथे तोंडाने एक म्हटलं आणि हाताने दुसरं केलं. माझा सांगून झालाय.